पालथी होडी

बाळासोचं अक्षर चांगलं होतं, आणि सगळा घोळ तिथनंच सुरू झाला.

शाहूवाडीच्या डोंगरात उंबरवणे म्हणून गाव आहे. तलाव झाला तेव्हा निम्मं गाव पाण्याखाली गेलं आणि निम्मं वर सरकलं. त्या सगळ्या गावात जुनी मॅट्रिक झालेला बाळासो एकटा. कुणाचा रेशनचा अर्ज, कुणाच्या पोरीचा दाखला, कुणाचं भावकीतलं भांडण, जो तो कागद घेऊन त्याच्याच कट्ट्यावर. "बाळातात्याकडं जावा, तो सरळ लिवतो," असं लोक म्हणायचे. हा 'सरळ' शब्द गड्याच्या डोक्यात गेला. माणूस वाईट नव्हता हो, उलट चांगलाच होता. पण आपण चांगले आहोत हे ज्याला एकदा कळलं, त्याचं पुढं काही खरं नसतं.

रान बुडाल्यावर पोटाला काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. बाळासोच्या रानाला लागून बौद्धवाड्यातल्या धोंडीरामचं रान होतं. दोघांची बांधाला बांध लागलेली रानं एकाच दिवशी बुडाली. धोंडीराम तसा अबोल, पण त्या दिवशी काठावर उभा राहून म्हणाला, "बाळू, आता आपल्याच रानात जाळं टाकायचं. कुणाच्या बाचं भ्या हाय?" आणि खरंच दोघांनी टाकलं. दोघांनी एकेक लाकडी होडी करून घेतली.

आता आमच्याकडं शेतात पैरा चालतो. तुझे बैल दोन दिवस माझ्या रानात, माझे दोन दिवस तुझ्या रानात, हिशेब ना ठिशेब. ह्या दोघांनी तोच पैरा पाण्यात नेला. जाळं ओढायला एक गडी लागतो आणि वल्हं मारायला एक, मग दोन होड्या एकदम कशाला? एक साल बाळासोची होडी पाण्यात आणि धोंडीरामची घरामागं पालथी, पुढच्या साली उलट. रान जसं एखाद्या साली पडीक ठेवतात, तशी होडी पडीक ठेवायची. पालथ्या होडीला डांबर लावायचं, तिच्याखाली शेणी आणि जळण कोरडं राहायचं, कोंबड्या अंडी घालायच्या. धोंडीराम मागं वल्ह्यावर, बाळासो पुढं जाळ्यावर. तीस वर्षं हे असं चाललं आणि दोघांत कधी चार आण्याचं वाकडं आलं नाही.

मग तलावाला दृष्ट लागली. आधी गावाच्या वीस-पंचवीस होड्या होत्या. नदीकाठच्या गावांतनं टेम्पोत होड्या घालून माणसं यायला लागली. कुणी ट्रकच्या ट्यूबवर बसून यायचा, कुणी गुऱ्हाळाची काहीलच पाण्यात लोटायचा. जाळी तर अशी बारीक, की बोटभर पिल्लूसुद्धा सुटू नये. तिसऱ्या साली काठावर चाळीसच्या वर होड्या झाल्या आणि जाळ्यात शेवाळ यायला लागलं. कटला मासा म्हणाल तर औषधाला मिळेना.

बाळासो तेव्हा मच्छीमार संस्थेचा सेक्रेटरी होता. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली आणि तो उभा राहिला. "टोपल्यात भाकरी इस आन जेवणारी चाळीस. मग कुणाचंच पोट भरत न्हाई, नुसती भांडणं व्हत्यात. होड्या मोजा. ज्या गावच्या त्या ठेवा. त्याच्या फुडं एकबी नको." सभेनं माना डोलावल्या. ठराव कुणी लिहायचा? बाळासोनं. त्यानं तो असा घट्ट लिहिला, की मुंगीला शिरायला भोक राहू नये. ठरल्या दिवशी पाण्यावर असलेल्या गावच्या होड्यांना नंबर मिळेल, पत्र्याचा बिल्ला होडीच्या नाकावर ठोकला जाईल, त्यानंतर नवीन होडीला नंबर नाही. नंबर विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही, घराबाहेर जायचा नाही. मालक स्वतः होडीत पाहिजे, नाहीतर पैसेवाले नंबर गोळा करतील आणि गडी लावून मासे मारतील. लागोपाठ दोन सालं जी होडी पाण्यात उतरली नाही, तिचा नंबर कायमचा रद्द.

सगळं बरोबर होतं, मी आजही म्हणतो. ठराव वाईट नव्हताच.

मोजणीचा दिवस उजाडला. ही तेरा वर्षांमागची गोष्ट, दिवाळी होऊन गेलेली. सकाळी हॉटेलात चहा पिताना कुणीतरी पचकलं, "सेक्रेटरीची मज्जा हाय बाबा. जोडी एक, आन नंबर दोन मिळणार." सगळे हसले. बाळासोच्या मात्र ते काळजात घुसलं. मी? मी लबाडी करणार? त्यानं चहा निम्मा तसाच ठेवला.

मत्स्य खात्याचे साहेब आले. काठावर होड्या ओळीनं लावल्या. त्या साली पाळी बाळासोच्या होडीची होती. धोंडीरामची होडी त्याच्या घरामागं पालथी, खाली शेणी. साहेब पुढं, बाळासो वही घेऊन मागं. मोजता मोजता आकडा आला तेवीस. तेवढ्यात गावातला वजनदार माणूस विजयसिंह पुढं झाला. "सायेब, माझी होडी मलकापूरला सुताराकडं हाय. तळाची फळी बदलायची हाय. तेवढी धरा." साहेबांनी धरली. चोवीस. मग साहेब आपणहून म्हणाले, "तलावाला पंचवीस झेपतील. आणखी कुणाची होडी पाण्याबाहेर आहे का?"

बाळासोनं मान वर केली. करंजाच्या झाडाखाली डोक्याला टॉवेल गुंडाळून धोंडीराम उभा होता. चार माणसांत बोलायची त्याला सवय नव्हती. सभेत कधी तोंड उघडलं नाही त्यानं, आणि उघडायची गरजही नव्हती, बाळू होता की बोलायला. त्यानं बाळासोकडं बघितलं. बाळासोच्या डोक्यात सकाळचा चहा उकळत होता. आता मी धोंड्याचं नाव घेतलं, की झालंच, म्हणतील बघा, सरळ माणूस! आणि धोंड्याला येगळा नंबर कशाला पायजे? तो आन मी काय दोन हाय? माझा नंबर तोच त्याचा. पुढं-मागं बघू.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "संपलं."

आणि त्यानं चोवीसच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. अक्षर सुंदर होतं.

परक्याला माप घालताना आपण सढळ हातानं घालतो आणि घरच्याला कोरून घालतो, का तर लोकांनी नावं ठेवू नयेत. ही कसली डोंबलाची सरळपणाची तऱ्हा! विजयसिंहाची होडी पाण्यात नव्हती, ती दिसली. जोडीदाराची होडी हाकेच्या अंतरावर होती, ती दिसली नाही. पण बाळासोला त्या दिवशी हे कळलं नाही. त्याला उलट हलकं वाटलं. आपण पास झालो, असं वाटलं.

सात नंबरचा बिल्ला बाळासोला मिळाला. तो होडीच्या नाकावर ठोकला धोंडीरामनंच, कारण हत्याराचं काम नेहमी तोच करायचा. ठोकून झाल्यावर त्यानं बिल्ल्यावरनं अंगठा फिरवला आणि घरी गेला.

पुढच्या साली पाळी धोंडीरामच्या होडीची. बाळासोला वाटलं, आज विषय निघणार. पण धोंडीराम सकाळी डांबराचा डबा घेऊन आला तो थेट बाळासोच्या होडीपाशी. "बिल्ला हिच्यावर हाय न्हवं? मग हीच घालू," म्हणाला आणि कामाला लागला. बाळासोच्या जिभेवर आलं होतं, धोंड्या, चुकलं गड्या माझं. चल, सायबाला जाऊन भेटू, एक जागा हाय अजून. जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. आज बोलू, उद्या बोलू. सभा झाली की बोलू. साहेबांची बदली झाली, आता नवीन साहेब कसे आहेत बघू. असं करता करता अकरा सालं गेली. सांगायला एक वाक्य होतं, त्याला अकरा सालं पुरली नाहीत.

इकडं तलाव मात्र सुधारला. चार-चार किलोचा कटला निघायला लागला. शेजारच्या गावची माणसं ठराव बघायला आली. संस्थेनं बाळासोला फेटा बांधला, नारळ दिला, आणि मागच्या रांगेत बसून धोंडीरामनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या बाळासोला फेट्याच्या आत ऐकू आल्या. घरी येऊन त्यानं फेटा खुंटीला अडकवला तो पुन्हा घातला नाही. बायको अंबूबाई म्हणाली, "काय झालं वो?" तर म्हणाला, "गरम हुतंय."

दीड वर्षांमागं आषाढात धोंडीराम तीन दिवसांच्या तापानं गेला. बाळासो शेवटच्या दिवशी उशाशी बसला होता. धोंडीरामनं डोळे उघडले, म्हणाला, "जाळं वाळत घातलंस का?" बाळासो म्हणाला, "घातलं." एवढंच बोलणं झालं. तेव्हा तरी बोलायचं होतं रे बाबा! पण जाणाऱ्या माणसापुढं आपल्या मनावरचं ओझं काय टाकायचं, असं म्हणून पुन्हा गप. निमित्तं बाळासोला कधी कमी पडली नाहीत.

वल्ह्यावरचा माणूस गेला आणि बाळासोचे गुडघेही गेले. सालोसाल विश्रांती न मिळालेली त्याची होडी काठावर पडून कुजली. मुलगा धैर्यशील कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बरं चाललेलं. तो म्हणाला, "बाबा, मी मासं धरू? मला पवायला तरी येतंय का?" एक साल नंबर कोरडा गेला. दुसरं निम्मं सरलं. मे महिना संपला, की सात नंबर रद्द. बाळासोनंच लिहिलेलं.

अशात पौषातल्या एका सकाळी रूपाली आली. धोंडीरामची पोरगी, सव्वीस-सत्तावीसची, बापासारखीच रुंद पंजाची, पण बापाचा अबोलपणा तेवढा तिनं घेतला नव्हता. लहानपणी ती ह्या दोघांच्या होडीत मधल्या फळीवर बसून यायची. आता पहाटेच्या गाडीनं कोल्हापूरला जाऊन शिवाजी पेठेत दारोदार मासे विकायची.

"काका, आबांची होडी सुलटी केली," ती कट्ट्यावर टेकत म्हणाली.

"व्हय?"

"एकबी फळी कुजलेली न्हाई. आई खाली शेणी ठेवायची न्हवं, त्या कोरड्या ऱ्हायल्या आन होडीबी कोरडी ऱ्हायली. डांबर मारलं. आता नंबर पायजे."

बाळासो म्हणाला, "पोरी, नंबर कुठला आणू?"

"तुमचा हाय की सात. पडून हाय." ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती. "दीड साल झालं, दुसऱ्याच्या होडीतला मासा घेऊन विकतोय मी. उरलासुरला देत्यात. पेठंतल्या बायका कल्ला उघडून बघत्यात, म्हणत्यात, ह्यो कालचा हाय, ने परत. मटणाच्या गावात मासा विकायचा म्हंजी चेष्टा हाय व्हय काका? सोताचा ताजा मासा असंल तर मी उभ्या-उभ्या पाटी रिकामी करीन. न्हाईतर कुटंतरी फॅक्टरीत बसायचं पॅकिंग करत. मला न्हाई व्हायचं ते. मला पाण्यात जायचं हाय."

बाळासोला त्या वेळी जे वाटलं ते सुटका झाल्यासारखं. देवानं दिलेली संधीच की! धोंड्याचं राहिलेलं त्याच्या पोरीला देऊ आणि मोकळं होऊ. "तू जा," तो म्हणाला, "मी सभा लावतो. ठराव माझा हाय, मला न्हाई म्हणायची कुणाची छाती हाय?"

सभा लागली. त्याच शाळेचा तोच व्हरांडा. चेअरमन आता विजयसिंह. बाळासोनं काठी टेकत उभं राहून मागणी केली: माझा सात नंबर धोंडीरामच्या रूपालीला द्यावा.

विजयसिंह काही दुष्ट माणूस नाही. त्यानं कपाटातनं जुनं प्रोसिडिंग बुक काढलं, पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "'नंबर घराबाहेर जाणार नाही. कोणासही, कोणत्याही कारणाने, अपवाद केला जाणार नाही.' तात्या, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग आता मी काय करू, सांगा. आज रूपालीला दिला, तर उद्या माझा मेव्हणा मागंल. परवा पुण्याचा कोण तरी येऊन दहा नंबर घील. हे तुमीच सांगितलंय की आमास्नी."

"मग पंचविसावा काढा," बाळासो म्हणाला. "सायेब म्हणालते, तलावाला पंचवीस झेपत्यात."

त्यावर मागनं गलका झाला. पंचविसावा काढायचाच तर माझ्या पोराला द्या, माझा अर्ज चार सालं पडलाय, माझा सहा. बघता बघता एका जागेला अकरा धनी उभे राहिले. मग बाळासोनं काठीच आपटली. आवाज फुटत होता तरी बोलला. "ऐका! त्या दिशी एक होडी मोजायची ऱ्हायली. धोंड्याची. पाळी माझ्या होडीची हुती म्हणून त्याची पालथी हुती. सायबानं इचारलं, आन मी न्हाई म्हणालो. मी. जाणूनबुजून."

विजयसिंह प्रोसिडिंग बुक मिटत म्हणाला, "तात्या, मग तवाच का बोलला न्हाईसा? तवा एका शब्दाचं काम हुतं."

मागच्या रांगेत धोंडीरामची बायको सोनूबाई बसली होती. ती उठली, पदर खोचला. "तुमची होडी मलकापुरात, ती हितनं दिसली ह्या तात्यास्नी," ती विजयसिंहाकडं हात करून म्हणाली, "आन आमची परसात पालथी, ती न्हाई दिसली. बौद्धवाड्यात होती म्हणून न्हाई दिसली, का जोडीदाराची म्हणून न्हाई दिसली, ते ज्येचं त्येला ठावं. चल ग रूपाली." आणि माय-लेकी निघून गेल्या.

बाळासो तसाच उभा. जात त्याच्या मनात नव्हती, हे तो छातीवर हात ठेवून सांगू शकला असता. त्यानं हात छातीपर्यंत नेलाही. मग त्याला आठवलं, विजयसिंहाला नाही म्हणायचा विचारसुद्धा त्या दिवशी त्याच्या मनात आला नव्हता. हात त्यानं खाली घेतला.

त्यानंतर आठ दिवस गडी घराबाहेर पडला नाही. ठरावाची नक्कल घेऊन बसला. त्यानं तो इतका घट्ट लिहिला होता, की आता त्याला स्वतःलाच भोक सापडेना. अंबूबाई म्हणाली, "जेवा की. कागद पाठ झाला आसंल आता." नवव्या दिवशी त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. 'मालक स्वतः होडीत असला पाहिजे.' होडीत असला पाहिजे एवढंच. दुसरं कोण असावं, कोण नसावं, ह्याबद्दल अक्षर नाही. आणि खाली: 'होडी मोडल्यास त्याच नंबरावर दुसरी होडी चालेल.'

तो काठी घेऊन थेट विजयसिंहाच्या दारात गेला. "माझी होडी मोडली. धोंड्याची होडी मी सात नंबरावर घालतोय. मालक म्हणून मी बसणार, रूपाली जाळं ओढणार. हाय का कलमात आडकाठी?"

विजयसिंहानं दोनदा वाचलं. हसला. "न्हाई. पण तात्या, सत्तरी वलांडलीसा. गुडघं?"

"वल्हं काय गुडघ्यानं मारत्यात व्हय?"

तिथनं तो बौद्धवाड्यात गेला. सोनूबाईनं सगळं ऐकून घेतलं. पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. "म्हंजी भावजी, तुमी हाईसा तवर पोरीची होडी. तुमी गेलासा की नंबर गेला."

"व्हय वहिनी."

"म्हंजी माझ्या पोरीनं तुमच्या आयुष्याला लटकून ऱ्हायाचं."

दुसरं काही द्यायला बाळासोजवळ नव्हतंच. रूपाली मात्र म्हणाली, "आई, असू दे. न्हाईपेक्षा बरं. पाच सालं तर पाच." असं बोलून तिनं त्याच्या गुडघ्यांकडं बघितलं, टेम्पो घेताना गिऱ्हाईक टायर बघतं तसं.

दुसऱ्या दिवशी बाळासोनं कुजक्या होडीच्या नाकावरचा सात नंबरचा बिल्ला पटाशीनं उचकटला आणि धोंडीरामच्या परसात नेला. होडी सुलटी, डांबर लावून काळीभोर. त्यानं बिल्ला नाकावर धरला. बोटाला काहीतरी टोचलं. डांबराखाली दोन उंचवटे होते. रूपालीनं खिळ्याच्या टोकानं डांबर खरवडलं. आत दोन खिळे होते. निम्मे ठोकलेले, निम्मे बाहेर, दोघांत चार बोटांचं अंतर, बिल्ल्याच्या भोकांना बरोबर जुळणारं.

"ह्ये कुणी मारलं?" बाळासोनं विचारलं.

सोनूबाई चुलीपुढनं उठून दारात आली. "त्येंनीच. मोजणीच्या दिशी तुमचा बिल्ला ठोकून आलं, आन सांजंला हितं दोन खिळं मारलं. मी म्हटलं, अवो, बिल्ला कुटाय? तर म्हणालं, बाळू गडबडीत इसरला आसंल. उद्या घिऊन यील, मग खिळं हुडकत बसाय नको."

बाळासो खाली बसला. गुडघे दुखतात हे विसरून मातीत बसला.

"दोन सालं डांबर लावताना खिळं सोडून लावायचं," सोनूबाई सांगत होती. तिच्या आवाजात आता राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. "मी म्हणायची, इचारा की जाऊन. तर म्हणायचं, इचारलं तर त्याला वाईट वाटंल. तिसऱ्या साली खिळ्यावरनंच डांबराचा बरास फिरवला. मी काय बोलली न्हाई मग."

बाळासो रडला. सत्तरी ओलांडलेला माणूस, बायका-पोरींसमोर, परसात कोंबड्या फिरत असताना हुंदके देऊन रडला. धोंडीराम त्याच्यावर रागावून गप राहिला, असं तो इतकी वर्षं समजत होता. रागावलेल्या माणसाची माफी तरी मागता येते. हा तर वाट बघत होता.

रूपालीनं पक्कड आणून खिळे काढले. गंजले होते, पण मोडले नाहीत. बिल्ला भोकांवर धरून तिनं तेच खिळे त्याच भोकांत ठोकले. बाळासोनं हातोडी मागितली नाही.

आता रोज दिवस उजाडायला ती त्याला काठावरनं हाताला धरून होडीत बसवते. तो मागं, धोंडीरामच्या जागेवर, वल्ह्याशी. ती पुढं जाळ्यावर. गावातली पोरं चेष्टा करतात, "तात्या, ह्या वयात नोकरी लागली व्हय?" तो म्हणतो, "लागली बाबांनो. ह्यात रिटायरमेंट न्हाई." शिवाजी पेठेत रूपालीची पाटी तासाभरात रिकामी होते, असं ती सांगते. बायका आता कल्ला उघडून बघत नाहीत.

होडी सोडण्याआधी ती रोज एकच विचारते, "काका, तब्येत बरी हाय न्हवं? गोळी घेतलीसा?"

विचारते ती कुणाच्या तब्येतीचं, त्याच्या की सात नंबरच्या, हे त्याला पक्कं माहीत आहे. तिचं काही चूक नाही. तो गोळी घेतलेली दाखवतो, वल्हं उचलतो आणि मनातल्या मनात म्हणतो, धोंड्या, थांब जरा. इतकी वर्षं थांबलास, अजून थोडी थांब. आताच बोलावू नकोस मला.